रुपयाची चिठ्ठी

आमच्या देव्हाऱ्यातल्या रुपयावरची राणी मी लहानपणी कधी नीट पाहिलीच नव्हती. तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवाळ्यांचं हळदकुंकू बसलेलं होतं. लक्ष्मीपूजनाला आजी तो रुपया ताम्हनात घ्यायची, त्याच्यावर पाणी घालायची, पुसायची आणि पुन्हा कुंकू लावायची. अक्षरांच्या खाचांत शिरलेलं कुंकू मात्र तिथंच राहायचं. सातवीत असताना एका दुपारी, आजीचा डोळा लागलेला पाहून, मी तो रुपया चिंचेच्या कोळानं आणि चुलीतल्या राखेनं घासून काढला. लख्ख झाला. राणीचा मुकुट दिसला, भोवतीची इंग्रजी अक्षरं दिसली, उलटल्यावर 1862 हे साल दिसलं. मोठ्या अभिमानानं मी तो आजीच्या हातावर ठेवला. तिनं अंगठ्यानं चाचपून पाहिला आणि म्हणाली, "हाऊ आपला रुपया नही."

आजीचं म्हणणं किती खरं होतं, हे कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. चांदीवर चढणारा काळपट थर म्हणजे मळ नव्हे. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो तयार होतो आणि एकदा बसला की खालच्या धातूला सांभाळतो. राखेनं घासलं की तो थर तर जातोच, शिवाय नाण्याच्या कातडीवर बारीक ओरखडे उठतात. भिंगाखाली ते एकाच दिशेनं गेलेले दिसतात आणि जाणता माणूस क्षणात सांगतो, नाणं घासलेलं आहे. माझ्या हातून आणखी एक नुकसान झालं. 1862 हे साल त्या रुपयावर असलं, तरी तो 1862 मध्येच पडलेला असतो असं नाही. त्यानंतर 1874 पर्यंत टाकसाळींनी तेच साल कायम ठेवलं होतं. मुंबईच्या टाकसाळीनं खरं वर्ष ओळखता यावं म्हणून सालाजवळ बारीक ठिपके टाकले आणि ते वर्षागणिक बदलत नेले. आमच्या रुपयावरचा एखादा झिजका ठिपका राखेबरोबर गेला असेल, तर तो नेमका कोणत्या वर्षाचा, हे आता कुणालाही सांगता येणार नाही.

नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट आधी सांगतो. नाणं पुसू नका. धुळीचं असेल तर साध्या पाण्यातून काढा, मऊ कापडावर टिपून घ्या, बस्स.

रनाळे म्हणजे नंदुरबारहून दोंडाईच्याकडे जाताना लागणारं आमचं गाव. अशा गावात बसून नाणी कशी जमवणार, असं लोक विचारतात. त्यांना वाटतं, हा मुंबई-पुण्याचा, लिलावांचा नाद. पण सतराव्या शतकात तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला, तेव्हाची त्यानं नोंदवलेली वाट बघा: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा. नंदुरबार आणि शिंदखेडा या दोन मुक्कामांच्या मधला टापू म्हणजे आमचा. मोगल काळात देशात येणाऱ्या चांदीचं सुरत हे मोठं दार होतं. अमेरिका खंडातल्या खाणींची चांदी स्पेनच्या रियालांच्या रूपानं युरोपातून आणि तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून सुरतेला उतरायची. व्यापारी ती टाकसाळीत नेऊन द्यायचे, मजुरी आणि सरकारी हिस्सा भरायचे आणि रुपये पाडून घ्यायचे. मग ते रुपये बैलांच्या पाठीवरून, गाड्यांतून याच वाटेनं वर जायचे, कापूस आणि कापड विकत घ्यायला. खानदेशातल्या जुन्या घरांत सुरतेच्या टाकसाळीचा रुपया निघतो, त्यामागं एवढा मोठा प्रवास आहे.

तो रुपया वाचणं हा मोठा आनंद आहे, आणि वाटतं तितकं अवघडही नाही. मजकूर फारसी असतो. पण सगळी फारसी यायला लागत नाही, आकडे आणि चार-दोन शब्द ओळखता आले तरी पुरे. हिजरी साल सापडलं की त्याला 0.97 नं गुणायचं आणि त्यात 622 मिळवायचे. साल 1100 असेल तर 1067 अधिक 622, म्हणजे 1689. दुसरा छोटा आकडा बादशहाच्या कारकिर्दीचं वर्ष सांगतो. 1100 च्या जोडीला 32 दिसला तर औरंगजेब, कारण तो 1658 ला तख्तावर आला आणि कारकिर्दीची वर्षं चांद्रमानानं मोजत. दोन आकडे एकमेकांची साक्ष देतात. साक्ष जुळली नाही तर नाणं पुन्हा बघायचं. एक अडचण नेहमी येते. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान, शिवाय घाव हातोड्याचा. त्यामुळे मजकुराचा एखादा तुकडाच नाण्यावर उतरतो. कुणावर गावाचं नाव येतं, साल बाहेर राहतं, कुणावर उलटं. म्हणून एकाच जातीची तीन-चार नाणी शेजारी ठेवावी लागतात, तेव्हा पूर्ण वाक्य उभं राहतं. मला अजून आठवतं, माझ्या नाण्यावर अर्धं राहिलेलं अक्षर दोंडाईच्याच्या एका मित्राच्या नाण्यावर पूर्ण सापडलं. आम्ही दोघं रात्री अकरापर्यंत दिव्याखाली ती दोन नाणी फिरवत बसलो होतो.

त्या काळी रुपया जुना झाला की त्याची किंमत उतरायची. चालू सालात पडलेला तो सिक्का, त्याच कारकिर्दीतल्या मागच्या सालांतला तो चलनी आणि आधीच्या बादशहाचा तो खजाना. चांदी सारखीच, पण झीज आणि वय धरून सराफ त्यावर कसर कापायचा. ती कसर म्हणजे बट्टा. घराण्याच्या नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो, तो शब्द सराफाच्या पेढीवरून उठून आलेला आहे. जुन्या रुपयांच्या अंगावर बारीक फुलं, चांदण्या, ठिपके ठोकलेले दिसतात. त्या सराफांच्या पारखीच्या खुणा. काही संग्राहक अशा नाण्यांना नाक मुरडतात, त्यांना कोरं नाणं हवं असतं. मला खुणांचं नाणं जास्त प्रिय आहे. ते किती हातांतून गेलं, कुणी कुणी त्याच्यावर संशय घेतला आणि तरी ते खरं ठरलं, हे सगळं त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

चांदीबद्दल इतकं बोलल्यावर तांब्याकडे यायलाच हवं, कारण गोरगरिबांच्या हातात तांबंच होतं. माझ्या संग्रहातली सर्वांत जीव लावलेली वस्तू म्हणजे एक शिवराई. शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची माळ. महाराज गेल्यावरही ही शिवराई बंद पडली नाही. पेशवाईत ठिकठिकाणच्या टाकसाळींतून ती पडत राहिली आणि पुढं कंपनीचं राज्य आल्यावरही बाजारात चालत होती. ठसा कोरणारा बदलला की अक्षर बदलायचं. कुठं 'शिव', कुठं 'सिव', कुठं 'सीव'. पति ऱ्हस्व, पती दीर्घ. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. माझ्या शिवराईवर 'राजा'मधला 'जा' पूर्ण आहे, 'श्री'चा फक्त खालचा फाटा आहे आणि 'शिव' कडेबाहेर गेला आहे. मागं 'छत्र' ठळक आहे. कड एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. तळहातावर घेतली की तिचा गार, ओबडधोबड भार जाणवतो. एका मोडीच्या दुकानात तांब्याच्या तारांच्या ढिगात ती पडलेली होती. अशा किती शिवराया तांब्याच्या भावानं वितळून गेल्या असतील, या विचारानं आजही वाईट वाटतं.

इंग्रजी रुपया हा घराघरांत हमखास सापडणारा. 1835 च्या कायद्यानं कंपनीनं सगळ्या मुलखाला एकच रुपया दिला: वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. हे वजन म्हणजेच एक तोळा. म्हणून हा रुपया मोजायलाही चालायचा आणि तोलायलाही. औषधाच्या पाककृतींत 'रुपयाभार' हा शब्द येतो तो इथून. ऐंशी रुपयाभार म्हणजे शेर. यंत्रावर पडलेला म्हणून त्याला कलदार म्हणत. राणीच्या नाण्यांवर 1876 पर्यंत 'क्वीन' आहे, 1877 पासून 'एम्प्रेस'. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोभाटा झाला, रुपयाचं वाटप थांबवलं आणि 1912 च्या नाण्यावर हत्ती सुधारून घेतला. युद्धात चांदी महाग झाली, तेव्हा 1940 पासून रुपयात निम्मीच चांदी उरली आणि बनावट ओळखता यावी म्हणून दंतुर कडेच्या मधोमध एक खाच आली. 1947 चा रुपया तर निकेलचा. त्याला लोहचुंबक लावा, चटकन चिकटतो. ओट्यावर टाकला तर आवाजही निराळा. खणखणीत नाणं म्हणजे काय, हे मुलांना कळावं म्हणून 1907 चा एक आणि 1947 चा एक असे दोन रुपये मी त्यांच्यासमोर लागोपाठ वाजवतो.

या रुपयांचा आमच्या जिल्ह्यात आणखी एक जन्म झालेला आहे. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या भिल्ल आणि पावरा घरांत राणीछाप, राजाछाप रुपयांना कड्या जोडून त्यांच्या माळा केल्या गेल्या. होळीच्या दिवसांत, भोंगऱ्या बाजारात बायकांच्या गळ्यात त्या आजही दिसतात. बाजारभावानं बघणारा म्हणतो, डाग दिलेलं नाणं, किंमत अर्धी. मला हे पटत नाही. बँक जिथं पोचली नव्हती, तिथं चांगल्या पिकाच्या वर्षी एक रुपया माळेत चढायचा आणि दुष्काळात एक उतरायचा. ती कडी म्हणजे त्या घराच्या खात्यावरची नोंद आहे. अशी माळ विकत मागायला मी कधी गेलो नाही आणि जाणाऱ्यांना मी अडवतो. बघायला मिळाली तर बघावी, विचारावं, लिहून घ्यावं.

नव्या माणसानं सुरुवात कुठून करावी? खिशातून. आजच्या कुठल्याही नाण्यावर सालाखाली बघा. तिथं ठिपका असेल तर नाणं नोएडाचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबईचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. एका आठवड्याच्या सुट्ट्या पैशांत चारही टाकसाळी गोळा होतात, तेही दर्शनी किमतीत. मग घरातले डबे उघडा. 1943 ते 1947 चा भोकाचा पैसा निघेल. युद्धात तांबं वाचवायला मधलं काढून टाकलेलं, आणि आमच्याकडे तो लहान मुलांच्या करगोट्यात ओवायचे. 1 एप्रिल 1957 ला आणे जाऊन शंभर पैशांचा रुपया आला, तेव्हाचा 'नया पैसा' निघेल. 'नया' हा शब्द 1964 पर्यंत टिकला. चौकोनी पाच पैसे, षट्‌कोनी तीन पैसे, लाटांच्या कडेचे दहा पैसे आणि कमळाचे पिवळे वीस पैसे निघतील. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. आज शाळेत जाणाऱ्या पोरानं चाराणे पाहिलेले नसतात. त्याला ते हातात दिले की तो पहिला प्रश्न विचारतो, याचं काय यायचं? आणि मग घरातली मोठी माणसं बोलायला लागतात.

ठेवायचं कसं, हे थोडक्यात सांगतो. नाणं कडेनं धरायचं, बोटांचा घाम तोंडावर लागू द्यायचा नाही. बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम टाळायचे. त्या प्लास्टिकमधून सुटणारी द्रव्यं तांब्यावर हिरवा चिकट थर आणतात. साधी कागदी पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी बऱ्या. दशांश ग्रॅम दाखवणारा एक खिशातला काटा आणि दहापट दाखवणारं भिंग, एवढं सामान वर्षानुवर्षं पुरतं.

आणि फसायचं नाही. राम-सीता-लक्ष्मणाचा दरबार, उलट बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि 1818 साल, अशी पितळी-तांब्याची चकती यात्रेत हमखास दाखवतात. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलेलं नाही. ती देवळांत भाविकांसाठी विकली जाणारी टाकं आहेत. देव म्हणून जवळ ठेवायला हरकत नाही, नाणं म्हणून पैसे मोजू नयेत. तांदूळ ओढून घेतं, वीज धरतं असं सांगून तीच चकती लाखांना खपवणाऱ्या टोळ्या आहेत, त्यांच्यापायी शेतं विकली गेली आहेत. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी 2012 ची. 'तुमच्याकडे असेल तर दहा लाख मिळतील, आधी एवढी फी भरा' असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना अशा भामट्यांपासून स्पष्ट सावध केलं आहे. बँक अशी खरेदी करत नाही आणि कुणाला करायला सांगतही नाही. हीच बँक जानेवारी 2018 मध्ये सांगून बसली आहे की दहा रुपयांच्या नाण्याचे तोवरचे चौदाही नमुने खरे आहेत. तरी आमच्या बाजारात दहाचं नाणं परत करणारे अजून भेटतात. मी ते नमुने एका पुठ्ठ्यावर लावले आहेत. वाद झाला की पुठ्ठा दाखवतो, आणि नाणं चालतं.

शेतात नांगराला किंवा जुनी भिंत पाडताना हंडा लागला तर काय करायचं, हेही गावात माहीत असायला हवं. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लोक घाबरतात, रातोरात वाटून घेतात, चांदी आटवतात. त्यात काय जातं ते नाशिकजवळच्या जोगळटेंभीच्या उदाहरणावरून कळेल. तिथं 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. अभ्यासकापुढं आलेली नाणी 13,250. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला होता. हरलेल्या राजाचं चलन जिंकलेल्यानं वितळवलं नाही, त्याच्यावरच आपली खूण उठवून पुन्हा बाजारात सोडलं. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवलं, याचा एवढा मोठा, हातात धरता येणारा पुरावा दुसरा नाही. ती नाणी सोनारांच्या मुशीत गेली असती तर चांदी तेवढीच मिळाली असती. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना अंजनेरीला 1980 मध्ये परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली नाणकशास्त्राची संस्था आहे. आमच्या भागातून नाशिकला जाणाऱ्यानं अर्धा दिवस काढून तिथलं संग्रहालय बघावंच.

माझ्या संग्रहात प्रत्येक नाण्यामागं एक चिठ्ठी आहे. नाणं कोणतं, वजन किती, कुठून आलं, कोणत्या तारखेला, कुणी दिलं आणि देताना काय सांगितलं. पहिली चिठ्ठी आजीच्या रुपयाची. तिच्यात मी लिहिलं आहे: 'चिंच आणि राखेनं घासला, मी.' पुढं ज्याच्या हातात हा डबा जाईल, त्याला त्या लख्खपणाचं कारण कळलं पाहिजे. चिठ्ठी नसेल तर माझ्यामागं ही तीनशे नाणी किलोवर जातील, हे मी पुरतं ओळखून आहे.

वर्षातून एकदा, प्रजासत्ताक दिनी झेंडावंदन झालं की शाळेच्या व्हरांड्यात मी दोन बाकं जोडून नाणी मांडतो. काचेखाली नाही. मुलांना हातात देतो. खाली सतरंजी अंथरलेली असते, पडलं तरी चालतं. कडेनं कसं धरायचं ते आधी शिकवतो, मग हातात देतो, आणि आजवर एकही नाणं हरवलेलं नाही. दुबार नाणी असतात ती वाटून टाकतो, मात्र घेणाऱ्यानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहायची. गेल्या वेळी सहावीतली एक मुलगी बराच वेळ 1907 च्या रुपयाशी थांबली आणि काही न बोलता निघून गेली. तासाभरानं ती आजीला घेऊन आली. आजीच्या गळ्यात सात रुपयांची माळ होती, कड्या जोडलेली, पदराखाली. मधला रुपया आणि माझ्या बाकावरचा रुपया एकच, सातव्या एडवर्डचा. आजीनं माझा रुपया उचलून आपल्या रुपयाशेजारी धरला. तिचा जास्त झिजलेला होता, राजाच्या कानाजवळचा भाग गुळगुळीत. ती म्हणाली, हा आईनं दिलेला, बाकीचे नंतरचे.

नातीनं तिथंच बसून चिठ्ठी लिहिली. दोन प्रती केल्या, एक तिच्या घरी, एक माझ्या डब्यात:

'रुपया 1. राजा सातवा एडवर्ड. साल 1907. कडी आहे. वजन घ्यायला माळेतून काढावा लागला असता, म्हणून घेतलं नाही. आजीला तिच्या आईनं लग्नात दिला. माहेर धडगाव तालुका. सध्या कुठे आहे: आजीच्या गळ्यात.'